आधी कुणाच्या ताटात?

(तालुक्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी गटचर्चेत चार गावच्या बायांनी जवळजवळ एकच योजना मांडली. गावात दोन-तीन एकर जमीन धरायची. बायकांनी मिळून भाजीपाला, कडधान्यं, ज्वारी-नाचणी पिकवायची. आणि तालुक्याच्या गावातल्या, शहरातल्या कुटुंबांनी हंगामाच्या आधीच पैसे भरून त्या पिकातला वाटा घ्यायचा. फवारणी नाही, दलाल नाही. शहरात चांगलं अन्न जाईल, गावात बायकांच्या हातात पैसा येईल आणि सगळ्यांची तब्येत सुधारेल.

मी या योजनेच्या बाजूने बोलायला उभी आहे. पण ‘सगळ्यांची तब्येत’ हे आपण फार पटकन म्हणून टाकतो. त्या सगळ्यांमध्ये पिकवणारी बाई आपोआप येत नाही. तिला मुद्दाम आणावं लागतं, कागदावर लिहून आणावं लागतं. आज मला एवढंच सांगायचंय, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. मधल्या काळात गोळ्या वाटल्या गेल्या, शिबिरं झाली, भिंतीवर घोषणा रंगवल्या गेल्या. मीही गोळ्या वाटत फिरले आहे. एका वस्तीवरच्या आक्कांनी मला सरळ विचारलं होतं, “ताई, गोळी दिलीत. गोळीच्या आधी खायला काय देता?” उपाशी पोटी त्या गोळीने मळमळतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गोळी लागतेच, ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण आक्कांचा प्रश्न गोळीने सुटत नाही.

आणि गावात पिकलं म्हणजे गावात खाल्लं जातं, असंही नाही. डेअरी आली तेव्हा कितीतरी घरांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. दूध किटलीतून गेलं, पोरांना कोरा चहा उरला. पैसा आला, तो बहुतेक वेळा बाईच्या हातात आला नाही. उद्या आपली भाजीची टोपली शहरात जायला लागली आणि पिकवणारीच्या ताटात भाकरी-चटणीच राहिली, तर डेअरीचीच गोष्ट आपण पुन्हा लिहू. फक्त या वेळी महिला गटाच्या लेटरहेडवर.

वाट्याची शेती जगात दोन बाजूंनी सुरू झालेली दिसते. एक बाजू खाणाऱ्यांची. जपानमध्ये १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागातल्या गृहिणींनी एकत्र येऊन दूध विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी सहकारी चळवळ उभी राहिली. पुढे १९७० च्या दशकात तिथे शेतकरी आणि गिऱ्हाईक कुटुंबं यांच्यात थेट करार व्हायला लागले. त्याला ते ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात रॉबिन व्हॅन एन या बाईच्या शेतावर १९८६ च्या सुमाराला असेच वाटे विकले जाऊ लागले. आपल्याकडे मुंबई-पुण्यात असे गट आहेत ते या वाटेने आलेले. वाईट नाहीत. पण त्यांची सुरुवात ‘आम्हाला चांगलं खायला मिळावं’ इथून होते, आणि बोलणारं कुटुंब पैसे भरू शकणारं असतं.

दुसरी बाजू भुकेची. तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं, म्हणून मी तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे. त्यातल्या नदीकाठच्या सपाट, काळ्याभोर जमिनीच्या पट्ट्याला डेल्टा म्हणतात. जमीन इतकी कसदार, की आपल्या कृष्णाकाठच्या माणसानेही हेवा करावा. आणि त्या जमिनीवर १९६० च्या दशकात पोरं कुपोषणाने मरत होती. कारण जमीन मोजक्या गोऱ्या मळेवाल्यांची आणि पीक कापसाचं. काळी कुटुंबं गुलामी संपल्यानंतरही पिढ्यान् पिढ्या वाट्याने कापूस करत होती. आपण बटाई म्हणतो तसंच. बियाणं मालकाचं, दुकान मालकाचं, वही मालकाची. हंगामाच्या शेवटी हिशोब केला की कुटुंब देणंच लागायचं. घराच्या पायरीपर्यंत कापूस, भाजी लावायला जागा नाही. मग कापूस वेचायची यंत्रं आली आणि तणनाशक आलं. तण काढायचं काम, आपली खुरपणी म्हणा, मुख्यतः बायका-पोरांचं. ते एका फवाऱ्याने गेलं. १९६७ साली शेतमजुरांना किमान वेतन लागू झालं, तेव्हा मळेवाल्यांनी उरलेल्यांनाही कामावरून काढलं. सरकार आधी फुकट धान्य वाटायचं, त्याच्या जागी अन्नाची कुपनं आली, आणि ती पैसे देऊन घ्यावी लागत. काम नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून कुपन नाही. त्या वर्षी रॉबर्ट केनेडींसारखे सिनेटर ही उपासमार बघायला आले, तेव्हा कुठे बाकीच्या देशाला ती दिसली.

तिथे माउंड बायू नावाचं गाव आहे, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी १८८७ साली स्वतः वसवलेलं. या गावात १९६७ च्या सुमाराला एक आरोग्य केंद्र उघडलं. ते काढणाऱ्यांपैकी एक डॉक्टर जॅक गायगर. विद्यार्थी असताना ते दक्षिण आफ्रिकेत पोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याचं काम बघून आले होते. त्या केंद्रात १९४० च्या दशकातच परसबागांना औषधाइतकं महत्त्व होतं.

माउंड बायूच्या केंद्रात हाडाची काडं झालेली मुलं यायला लागली. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस असं लिहायला सुरुवात केली. ती चिठ्ठी घेऊन आई वाण्याच्या दुकानात जायची, वाणी सामान द्यायचा आणि बिल दवाखान्याच्या औषधांच्या खात्यावर पाठवायचा. सरकारी अधिकारी चौकशीला आले. औषधाचे पैसे औषधावरच खर्च व्हायला हवेत म्हणाले. गायगर यांनी उत्तर दिलं, की कुपोषणावरचं औषध वैद्यकशास्त्रात अन्न हेच आहे. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, आम्हाला एम.एस.डब्ल्यू.लाही कुणीतरी सांगितली होती. पण गोष्ट इथेच संपवली की ती डॉक्टरांच्या थोरपणाची गोष्ट होते. मला तिच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण चिठ्ठीवरचं दूध किती दिवस पुरणार? केंद्रात जॉन हॅच नावाचे समाजकार्यकर्ते होते. ते वस्त्या-वस्त्यांत फिरले, चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर बैठका घेतल्या. दहा ठिकाणी लोकांच्या आरोग्य समित्या उभ्या राहिल्या. दवाखान्यातून काय हवं असं विचारलं, तर लोकांनी डॉक्टरच्या आधी अन्न, काम, घर आणि पाणी सांगितलं. त्यातून १९६८ साली नॉर्थ बोलिव्हर काउंटी फार्म को-ऑपरेटिव्ह निघाली. शेकडो कुटुंबं सभासद झाली. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याचा कापूस वेचला, त्यांनी वाल, चवळी, रताळी, पालेभाज्या लावल्या, स्वतःच्या घरासाठी. कामाचा मोबदला काही रोख, काही भाजीपाल्याच्या रूपात. काम न करू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांनाही अन्न. आणि उरलं तर बाजार. क्रम बघा. बाजार शेवटी आहे.

या संस्थेची कारभारीण झाली एल. सी. डॉर्सी. वाट्याने शेती करणाऱ्या घरातली मुलगी, १९३८ चा जन्म, सहा मुलांची आई. कापसाच्या रांगांत लहानाची मोठी झाली. संस्था चालवली, आणि त्यानंतर जाऊन समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, पुढे डॉक्टरेटही. १९८८ मध्ये त्याच आरोग्य केंद्राची संचालक म्हणून परत आली. शेती आधी, डिग्री नंतर. आम्ही पदवीवाल्या उलट्या क्रमाने येतो, त्याचे काही तोटे असतात. ते तुम्ही आम्हाला वेळोवेळी दाखवता, दाखवत राहा.

शेजारच्याच सनफ्लॉवर काउंटीत फॅनी लू हेमर राहत होत्या. काळ्यांच्या मतदानहक्काच्या लढ्यातलं हे मोठं नाव. १९६१ साली गाठ काढायच्या निमित्ताने डॉक्टरने त्यांना न विचारता त्यांचं गर्भाशय काढून टाकलं. तिथल्या गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास व्हायचं, की त्याला उपहासाने एक टोपणनावच पडलं होतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

१९६२ साली मतदार यादीत नाव घालायला गेल्या म्हणून हेमरबाईंना मळेवाल्याने त्याच दिवशी बाहेर काढलं. अठरा वर्षं त्या तिथे राबल्या होत्या. मत द्यायला जाणाऱ्याची भाकरी तोडायची, हे तिथलं हत्यार होतं. ज्याच्या हातात आपलं खाणं, त्याच्याच हातात आपलं मत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. १९६९ साली त्यांनी फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. आधी ४० एकर, पुढे आणखी कितीतरी. सोबत डुकरांची पेढी काढली. गाभण जाणारी मादी कुटुंबाला द्यायची, पिल्लं झाली की त्यातल्या दोन माद्या पेढीत परत. वर्गणी महिन्याला एक डॉलर. ती देऊ शकणारी कुटुंबं थोडीच निघाली. पण न देणाऱ्यांचंही भाजीवरचं नाव कापलं नाही.

हे सगळं टिकलं का? नाही. फ्रीडम फार्म बाहेरच्या देणग्यांवर बरीच अवलंबून होती. पूर आले, दुष्काळ आला, हप्ते थकले, बाई स्वतः आजारी पडल्या. १९७६ च्या सुमाराला कर भरण्यासाठी जमीन गेली, आणि १९७७ च्या मार्चमध्ये हेमरबाई गेल्या. माउंड बायूचं आरोग्य केंद्र मात्र आजही चालू आहे. तिथल्या सहकारी शेतीचा बाहेरचा आधारही हळूहळू आटत गेला. दवाखान्याला सरकारी पैसा मिळत राहतो आणि गरिबांच्या मालकीच्या शेतीला मिळत नाही, यात योगायोग आहे असं मला वाटत नाही. आजारी बाईला औषध दिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. तिच्याकडे जमीन आली की बऱ्याच जणांचं बिघडतं.

रॉबिन व्हॅन एन यांच्या शेताचं नशीब वेगळं. त्या १९९७ साली वारल्या. पण नंतर ती जमीन लोकांच्या न्यासाने आणि तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून वाचवली. शेतीच राहील अशा अटींवर लांब मुदतीचा पट्टा झाला. म्हणजे तिथेही शेवटी प्रश्न भाजीचा नव्हता, सातबाऱ्याचा होता. त्यांच्याकडे त्याला काय म्हणतात ते सोडा.

आता आपल्या घरी येऊ. अन्नापासून आरोग्याला हात घालण्याचं काम आपल्याकडेही त्याच काळात झालंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली दवाखाना काढायला आले, आणि लोकांनी त्यांना पाणी आणि अन्न सांगितलं. १९७२ चा दुष्काळ पुढ्यातच होता. शेतकरी मंडळं, महिला मंडळं, लहान मुलांना खाऊ घालण्याचं काम आणि गावातल्याच, बऱ्याचदा दलित आणि निरक्षर, बायांमधून तयार झालेल्या आरोग्यसेविका, असं ते उभं राहत गेलं. जहिराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांमधल्या दलित बायकांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी उठवून ज्वारी पिकवली आणि गावातच साठवून गावातल्याच गरीब घरांना स्वस्तात दिली. रेशनवर तांदूळ येत होता, त्यांना ज्वारी हवी होती. आणि मराठवाड्यात, १९९३ च्या भूकंपानंतर तिथे काम उभं केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर, हजारो बायकांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला. त्यात काय लावायचं हे बाई ठरवणार, आणि आधी घरच्या खाण्यापुरतं लावणार. ‘मागून घेतला’ म्हणजे काय प्रकार असतो ते तुम्हाला सांगायला नको. सासऱ्यापुढे उभं राहून पहिल्यांदा ‘मला एक एकर द्या’ म्हणणं ही काही शेतीची गोष्ट नाही.

तर आपल्या योजनेबद्दल माझं म्हणणं असं.

पहिला वाटा पिकवणाऱ्या घरांचा. टोपल्या भरायच्या दिवशी शहराचं वजन करण्याआधी काम करणाऱ्या बायकांच्या टोपल्या भरायच्या. उरलेसुरलेलं, किडकं, मोडकं त्यांना नाही. आणि गावातल्या ज्या घरात पैसे नाहीत त्यांनी कामाच्या दिवसांनी वाटा घ्यायचा. म्हातारीचा, बाळंतिणीचा वाटा गटाने उचलायचा.

दुसरं, मजुरी. हिशोब सोपा व्हावा म्हणून समजा, शहरातल्या ४० घरांनी खरिपासाठी मे महिन्यात तीन-तीन हजार भरले. झाले एक लाख वीस हजार. आपली सवय काय? बियाणं, शेणखत, मोटरचं बिल, टेम्पो सगळं लिहायचं आणि राहिलं तर बायकांना. घरचंच काम आहे ना! मला हे उलटं हवंय. वहीच्या पहिल्या ओळीवर बायकांची मजुरी, पुरुषाला गावात जो रोज मिळतो तोच. टोपली बांधायची, वाहून न्यायची, शहरातल्या ताईंना फोन करायचा, हीसुद्धा मजुरी. मग बाकीचे खर्च. बेरीज एक लाख वीस हजारांच्या वर गेली, तर वाट्याची किंमत वाढवा, पहिली ओळ खोडू नका. आणि हे आगाऊ पैसे आहेत हे शहरवाल्यांना बैठकीतच समजावून सांगा. पाऊस गेला तर टोपली हलकी येईल, पैसे परत मिळणार नाहीत. भाव पाडणारं गिऱ्हाईक आपल्याला पुष्कळ भेटलंय. तोट्यात भागी होणारा वाटेकरी हवाय.

तिसरं, काय लावायचं. शहराकडून यादी येईल ब्रोकोलीची. एखादी रांग लावा हवी तर. पण राजगिरा, अंबाडी, शेवगा, चवळी, कुळीथ, मटकी, नाचणी यांना आधी जागा द्या. तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्या तर कुणी लावतही नव्हतं. खुरपताना ओच्यात यायच्या. सोयाबीन-कापसात तणनाशक मारायला लागल्यापासून ओचा रिकामाच घरी येतो. डेल्टातल्या बायकांची खुरपणी गेली ती अशीच. आणि कोंबड्या ठेवा. काही शहरी सभासद म्हणतील, आमच्या उपक्रमात अंडं नको. त्यांच्या टोपलीत घालू नका. पण ज्या बाईचं रक्त सात-आठवर आहे तिला नुसत्या पालेभाजीने ते भरून काढायला सांगणं, ही दुसऱ्याच्या जिवावरची सोवळ्याची हौस झाली. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू-आवळा लागतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागतं. हेही टोपलीबरोबर बोलत राहायला हवं.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड, जमीन. देशातल्या शेतखात्यांपैकी बायका चालवतात अशी खाती २०१५-१६ च्या कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के निघाली. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारा कायदा १९९४ मध्येच केला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेणं थांबलेलं नाही. जमीन बटाईने किंवा ठोक्याने धरली, तर कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही. आपण तीन वर्षं पालापाचोळा, शेणखत टाकून ती माती जिवंत करतो आणि चौथ्या वर्षी त्याला आठवण होते की जमीन आपली आहे. म्हणून तोंडी बोलीवर तीन एकर धरण्यापेक्षा, कागदावरचा अर्धा एकर बरा. वकिलाला विचारून करारनामा करा, मुदत निदान पाच वर्षांची. गटातल्या जिच्या नावावर जमीन आहे किंवा जिच्या घरचे नाव लावायला तयार आहेत, तिच्यापासून सुरुवात करा. आणि देणगी मिळतेय म्हणून मोठी जमीन कर्जाने घेऊ नका. हेमरबाईंची जमीन हप्ता आणि करापायी गेली, हे विसरू नका.

मघाशी मागच्या रांगेतल्या मावशींनी विचारलं, की शहरवाल्यांनी पैसे भरलेच नाहीत तर? तर दहा घरांपासून सुरू करू. दहाही नाही मिळाली, तरी पहिला वाटा आपलाच आहे. गावातल्या घरांसाठी म्हणून एक हंगाम करून बघू.

पुढची बैठक अमावास्येनंतरच्या रविवारी. येताना प्रत्येकीने तलाठ्याकडून किंवा मोबाईलवरून घरचा सातबारा काढून आणायचा. नाव कुणाचं आहे ते आत्ता सांगू नका, उतारा हातात घेऊनच बोलू. ज्यांच्या घरी उतारा मागितल्यावर भांडण होईल असं वाटतं, त्यांनी एकटीने मागू नका. जेवणाच्या सुट्टीत मला किंवा गटाच्या अध्यक्षांना गाठा, आपण दोघी-तिघी मिळून जाऊ.